आधी कोपऱ्यावर

इंगळे सरांनी कुठलीही गोष्ट कधी मधून सुरू केली नाही. भाकरी ते कडेकडेने मोडत जात. नवीन पेन घेतला की वहीच्या शेवटच्या पानाच्या टोकाला बारीक रेघ ओढून पाहत. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा दाराआडच्या भिंतीवर तळहाताएवढा पट्टा मारून तो त्यांनी उन्हाळाभर तसाच ठेवला. त्यांची बायको निर्मला आल्यागेल्याला तो दाखवून सांगायची, "हे आमचं रंगवलेलं घर. बाकीचं अजून सुकून राह्यलं." मी लोणचं पाठवलं तर तेही सर आधी जिभेच्या कडेला लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "चालते."

"छान" हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. सगळं कौतुक त्या "चालते"मध्ये बसवायचे, आणि त्याच्या आधी एक वाक्य ठरलेलं: "आधी कोपऱ्यावर पाहा."

आम्ही दोघं धाडच्या शाळेत शिक्षक. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. राहायला बुलढाण्यात, एकाच कॉलनीत, मध्ये फक्त छातीएवढी भिंत. त्यामुळे सकाळची एसटीही एकच. सर मूळचे अमडापूरचे, शेतकऱ्याघरचे. फवारणीला निघालेल्या माणसासारखे आधी वारा कुठून येतोय ते बघायचे आणि मगच फाटक उघडायचे. मी तेव्हा नवीकोरी बाई होते आणि स्वतःला फार नाजूक समजत असे. पर्समध्ये कवितांची वही, बसमध्ये खिडकीची जागा, आणि बाहेर बघून उसासे टाकणं हा माझा नेम होता. बाहेर ज्वारी आणि म्हशी असायच्या. मी त्यांच्याकडे बघूनही उसासे टाकायचे. सर शेजारी बसून पुढच्या तासाची तयारी करत आणि माझा उसासा फार लांबला तर खिडकीची काच खाली ओढून देत. त्यांना वाटे, मला गुदमरतंय.

एकदा शाळेत तपासणी होती. मराठीच्या बाई किती सोज्वळ आहेत हे साहेबांना दिसावं म्हणून मी मोतिया रंगाची साडी नेसून गेले, आणि पोचल्या पोचल्या पदरावर शाई सांडून घेतली. धावतच प्रयोगशाळेत गेले. सरांनी कपाटातून एक बाटली काढली.

"याच्यानं डाग निघते," ते म्हणाले. "पण आधी कोपऱ्यावर पाहा. आतल्या काठाले एक थेंब लावा, अन् थांबा जराशा."

थांबायला मला वेळ कुठे होता? साहेबांची जीप आवारात शिरत होती. सरांची पाठ वळताच मी टोपणभर औषध थेट डागावर ओतलं. डाग गेला. डागाखालचा पदरही गेला, तिथे पेरूएवढं भोक पडलं. पूर्ण तपासणीभर मी त्या भोकावर हजेरीपट धरून उभी होते. साहेबांनी शेरा दिला, "हजेरीबाबत बाई अत्यंत दक्ष." दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर सरांनी फक्त विचारलं, "साडी चालते का आता?"

तर असे हे सर. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली, डाळिंबी रंगाची, लहानशी. अर्थात आधी कोपऱ्यावर पाहून, म्हणजे शोरूमवाल्याची तशीच गाडी शेगावला नेऊन, महाराजांचं दर्शन घेऊन, परत आणून. मुलगा अविनाश पुण्याला नोकरीला. त्याने बापाच्या हौसेसाठी गाडीला चकचकीत चाकं बसवून दिली आणि ती धुवायला औषधाची एक बाटली आणून दिली. सरांना चाकांपेक्षा बाटलीच जास्त आवडली. ते औषध चाकावर फवारलं की आधी काही दिसत नसे. मग चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागत. ब्रेक घासून लोखंडाचा बारीक कीस उडतो, तो चाकाला चिकटतो, आणि औषध त्याच्याशी भिडलं की हा रंग येतो, असं सरांनी मला भिंतीवरून समजावलं. चाळीस मुलांना समजावल्यासारखं, खणखणीत आवाजात. नंतर किती तरी सकाळी हाक यायची, "बाई, या. जांभळं होऊन राह्यलं." मी हातातला कुकर सोडून जायची. नाही गेलं तर वर्गातून पळालेल्या पोराकडे बघावं तसं ते दिवसभर बघत.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. गाडी धुतली की बोनेटवर पांढरे डाग राहत. तेव्हा सरांच्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न आला: चाकाचं हे औषध गाडीच्या रंगावर चालतं का?

दुसऱ्या कुणी एक तर मारून दिलं असतं, नाही तर नाद सोडला असता. सरांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला थेंबभर लावलं. धुतलं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पाहिलं आणि निकाल दिला, "चालते. पण सावलीत, गाडी थंड असताना, अन् रंगावर वाळू द्यायचं नाही. तरी मी म्हणतो, चाकाचं चाकालेच बरं."

त्या सुट्टीत माझी नात आली होती. तिने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं: काही बाटल्यांत आम्ल असतं, काहींत नसतं, काही रंगाला चालतात, काही रंग खातात, उन्हात लावू नये, वाळू देऊ नये, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावं. शेवटचं वाक्य सरांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग खुर्चीत मागे टेकले. "पटलं शेवटी जगाले," म्हणाले.

प्रश्न मिटला होता. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ते भिंतीशी आले आणि विचारलं, "बाई, हे चाकाचं औषध रंगावर चालते का हो?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी म्हटलं, "चालते. सावलीत."

"तुमाले काय माहीत?" ते जरा चिडूनच म्हणाले. "तुमी मराठीच्या. पाहा लागन कोपऱ्यावर."

त्यांनी मागच्या दाराच्या खालच्या कडेला एक फवारा मारला, पाणी आणायला आत गेले, आणि आत त्यांना चहा दिसला. ऊन वर आलं. औषध वाळलं. दुपारी तिथे रुपयाएवढा पांढुरका ठिपका उमटला होता. मी निर्मलाला तो दाखवला आणि आम्ही दोघी हसलो. विज्ञानाच्या मास्तरांचा प्रयोग फसला म्हणून आम्हाला आनंद झाला होता.

दोन दिवसांनी सर परत भिंतीशी. तोच प्रश्न, तोच नवा चेहरा. पुढच्या दाराची कड. मग डिकीचा कोपरा. मग आरशाच्या मागची बाजू. दर वेळी अगदी पद्धतशीर: वारा पाहायचे, एकच फवारा, बाटली टाचांजवळ ठेवायची, आणि मग पाण्याला जायचे ते परत यायचेच नाहीत. बोनेटवर कधी सरळ मारलं नाही. उरलेला कोपरा शोधत राहिले. कोपरे संपले तशी ते कोपऱ्याशेजारची जागा धरू लागले. माणसाला देवी येऊन गेल्यावर अंग दिसतं तशी ती डाळिंबी गाडी दिसू लागली.

सरांना तपासून अकोल्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते निर्मलाने मला स्वयंपाकघरात सांगितलं. मी तिला म्हटलं, "बाटली लपव." अशी अक्कल मी आयुष्यभर वाटत आले आहे. तिने बाटली तांदळाच्या डब्यात पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बाटली शोधली, सापडली नाही. ते शांतपणे कपडे करून बाहेर पडले. तासाभराने आम्हाला कळलं की घरात ते नाहीतच. निर्मला कॉलनीत, मी रिक्षाने स्टँडवर. सर धाडच्या गाडीत बसले होते, तिकीट काढून, मांडीवर डबा नसलेली डब्याची पिशवी घेऊन.

"या बाई," ते म्हणाले. "उशीर केला. पहिला तास तुमचा हाये."

"सर, उतरा ना. घरी जाऊ."

"काऊन? आज सुट्टी नाई."

मी दंडाला धरलं, तर त्यांनी असं पाहिलं की मी हात काढून घेतला. कंडक्टरने घंटी मारली. काय करणार, मीही शेजारी बसले आणि तिकीट काढलं. निर्मलाला फोन केला की सापडले, आम्ही धाडला चाललोय. ती म्हणाली, "काय करता तठी जाऊन?" मी म्हटलं, "तास घेतो."

सरांनी मला खिडकी दिली. बाहेर ज्वारीऐवजी आता सोयाबीन होतं. या खेपेला मला खराच उसासा आला, आणि सरांनी हात लांबवून काच खाली ओढली.

धाडला त्या दिवशी बाजार होता. माणसं, मिरच्यांची पोती, काळीपिवळी जीप. सर उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. शाळा त्याच रस्त्याला होती, पण शाळेच्या तोंडावर मोठं दुकान झालंय आता. ते बराच वेळ त्या दुकानाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बाई, मले कशाले आणलं तुमी अठी?"

मी चहा पाजला. ते गपगुमान माझ्यामागे परतीच्या गाडीत चढले.

त्या संध्याकाळी निर्मलाने तांदूळ उपसून बाटली काढली आणि गाडीच्या टपावर नेऊन ठेवली. मी म्हटलं, "अगं, गाडी जाईल पूर्ण."

"जाऊ द्या ताई. गाडीचा रंग गेला तर गेला. हे दारात राह्यले पाह्यजेत."

एवढंच तिचं मागणं होतं. तो प्रश्न घेऊन ते सकाळी अंगणात उतरत, ऊन चढेपर्यंत गाडीभोवती फिरत, आणि फाटकाकडे त्यांचं लक्ष जात नसे.

तरी मी शहाणपणा केलाच. औषधाने त्यांची बोटं सोलून निघायला लागली होती, म्हणून बाटलीत निळीचं पाणी भरून दिलं. सरांनी कोपऱ्यावर फवारण्याआधी एक फवारा चाकावर मारला. वाट पाहिली. जांभळं झालं नाही. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं, कॉपी पकडल्यासारखं. "हे खोटं हाये," म्हणाले, आणि बाटली ओतून देऊन फाटकाकडे निघाले. मी चप्पल न घालता आडवी पळाले. तेव्हापासून खरंच औषध, फक्त हातात रबरी मोजे. मोजे त्यांना आवडले. प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटत असावं.

असे महिने गेले. निर्मला पुण्याला फोनवर "बरे हायेत, विसरतात जरासे" एवढंच सांगायची. मी म्हणायची, सांग पोराला खरं. ती म्हणायची, तो नेईन आम्हाले. तठी चौथ्या मजल्यावर हे काय करतीन?

दिवाळीला अविनाश आला आणि फाटकातच थबकला. बापाने जिवापाड जपलेली गाडी, आणि तिची ती दशा. रात्री तो जेवला नाही म्हणे. आईला म्हणाला, "कोणी काही म्हणलं कसं नाही? बाबांची गाडी अशी कोणी होऊ दिली?" निर्मला म्हणाली, "राहू दे तशीच." त्याला वाटलं, खर्चाला भितेय. दुसऱ्या दिवशी सर दुपारी झोपले असताना तो गाडी चिखली रोडच्या पेंटरकडे टाकून आला. पोरगा वाईट नाही हो. कुणाच्याही पोराने हेच केलं असतं.

गाडी नव्हती ते दिवस सर फाटकाशी उभे. सर्व्हिसिंगला गेली, एवढं सांगितलं की समजून घेत, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. मग गाडी आली. नखशिखांत डाळिंबी, आरशासारखी. अविनाशने किल्ली बापाच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिला.

सर गाडीभोवती एक फेरी फिरले, हात मागे बांधून. "झकास हाये," म्हणाले. त्यांच्या तोंडून "चालते"च्या पलीकडचा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कोणाची?"

"बाबा, आपलीच."

"आपली नाई. आपली मी वळखतो ना." त्यांनी किल्ली परत दिली, दोन्ही हातांनी.

सकाळी ते मोजे घालून, बाटली घेऊन अंगणात आले. गाडीपाशी उभे राहिले आणि परत फिरले. अविनाश म्हणाला, "बाबा, मारा ना औषध. कुठंही मारा." सर म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीले विचारल्याबिगर हात लावू नये." मग आपली गाडी शोधायला फाटकाबाहेर पडले. त्या दिवशी अविनाशने त्यांना परत आणलं. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. सर गजांना धरून उभे राहिले आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले, "आमची गाडी दिसली का? ठिपक्याची?"

तिसऱ्या सकाळी भाजी निवडता निवडता मी भिंतीवरून पाहिलं, तर निर्मला साडीचा पदर खोचून बोनेटपाशी उभी, हातात बाटली. अविनाश डॉक्टरांचे कागद आणायला बाहेर गेला होता. तिने एक फवारा मारला आणि माझ्याकडे बघितलं. "असे असे होते ना ठिपके? दाराले किती होते, ताई?"

मी फाटकाची किल्ली कुठेय ते विचारलंसुद्धा नाही. भिंतीवरून गेले. या वयात, स्टूल लावून. दोन म्हाताऱ्या नव्या रंगाच्या गाडीला आठवून आठवून ठिपके देत होतो, हा इथे, तो आरशामागे, आणि मग दोघी ऊन चढायची वाट बघत पायरीवर बसलो. पण रंग ताजा होता, कच्चा होता. आमचे ठिपके ठिपके राहिलेच नाहीत. रंग सुरकुतला, फुगला आणि दारावरून लांबच लांब ओघळला.

सर बाहेर आले. ओघळ बघून त्यांचा चेहरा पडला. आमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कोणं केलं हे? बिचाऱ्याची नवीन गाडी हाये. कोपऱ्यावर तरी पाहावं की नाई आधी?"

आम्ही दोघी माना खाली घालून बसलो. मला हसू येत होतं आणि निर्मला रडत होती.

अविनाश आला तेव्हा आम्ही तशाच बसलेल्या. त्याने गाडी पाहिली, आईच्या हातातली बाटली पाहिली, फाटकाशी उभा बाप पाहिला. त्याला समजलं. तो आमच्या खालच्या पायरीवर बसला.

"सांगायचं होतं ना, आई."

"फोनवर काय सांगू?" निर्मला म्हणाली.

आठवड्याभरात ते पुण्याला निघाले. दुसरं काही कुणाला सुचलं नाही. मला तर मुळीच नाही, आणि सुचलेलं सगळं करून झालं होतं. सामान त्याच ओघळलेल्या गाडीच्या डिकीत गेलं, निर्मला मागे बसली आणि माझ्याकडे बघायचं तिने टाळलं. अविनाशने बापासाठी पुढचं दार उघडलं.

सर दारापाशी थांबले. त्यांनी चपला काढल्या, एकमेकींवर आपटून धूळ झटकली आणि त्या हातात घेऊन आत बसले. गाडी निघाली तेव्हा ते गुडघे जवळ घेऊन, पाठ सीटला न टेकवता बसले होते, चपला मांडीवर. अविनाशला काहीतरी विचारत होते. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही. पण तो मान हलवून "हो" म्हणताना दिसला, आणि मग सरांनी पाठ टेकली.